मुंबईची घनता आणि एफएसआयचा वाद : एक आढावा

मुंबईत घराचा विषय निघाला की पाठोपाठ एफएसआयचा विषय निघतोच. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारा हा आकडा. सरकारी कागदांत त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. तो वाढवला की घरं वाढतील आणि किमती उतरतील, असं एक बाजू सांगते. तो वाढवला की पाणी, गटारं, लोकल आणि रस्ते कोलमडतील, असं दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते. दोन्हींकडे अभ्यास आहेत, आकडे आहेत आणि या शहराबद्दलची खरी कळकळ आहे. अलीकडे त्यात आणखी दोन प्रश्न मिसळले आहेत: दाट शहर पर्यावरणाला पूरक की मारक, आणि उंच इमारतीतलं घर म्हणजे चांगलं घर का. हा सगळा वाद आज कुठवर आला आहे, ते इथे पाहायचं आहे. ते पाहताना माझं एक मत बनत गेलं, ते आधीच सांगतो. एका भूखंडावर किती बांधायचं यावर आपली बहुतेक शक्ती खर्च होते, आणि दोन भूखंडांच्या मधली जागा किती आणि कशी असावी हे ठरवायचं राहून जातं. शहर राहण्याजोगं होतं की नाही ते मात्र याच मधल्या जागेवर, रस्ता, पदपथ, मैदान आणि शाळेवर अवलंबून असतं.

प्लेगपासून विकास नियमावलीपर्यंत

मुंबईत नगररचनेची सुरुवात भीतीतून झाली. १८९६ साली प्लेग आला, गिरगाव-मांडवीच्या कोंदट चाळींतून माणसं दगावू लागली, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, आणि उत्तरेला दादर-माटुंग्याची आखीव वसाहत वसवली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी हा तिचाच वारसा. कमी उंचीच्या इमारती, झाडांच्या सावलीतले रस्ते, चालत जाता येईल इतक्या अंतरावर शाळा आणि बाजार अशी तिची रचना आहे. आज 'राहण्याजोगी वस्ती' म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते बऱ्याच अंशी इथलं असतं. ट्रस्टवर टीकाही तेव्हाच झाली, कारण पाडलेल्या चाळींतल्या अनेकांना परवडेल असं घर परत मिळालं नाही. १९१४ मध्ये भारतात आलेले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस यांनी रुंद रस्त्यांसाठी वस्त्या उभ्या चिरण्याच्या पद्धतीलाच विरोध केला होता. मोजकी मोडकळलेली घरं काढा, छोटे चौक मोकळे करा, बाकीची वस्ती जपा, असं त्यांचं सांगणं होतं. पाडून नवं बांधायचं की जागेवरच सुधारायचं, हा आजचा वाद शंभर वर्षांपूर्वीही याच शहरात रंगला होता.

पुढचे टप्पे थोडक्यात. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने जमीनमालकांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करून, रस्ते आणि मैदानं काढून उरलेले भूखंड परत वाटण्याची सोय केली. विलेपार्ले, सांताक्रूझ, वांद्र्याचे बरेच जुने भाग अशाच योजनांतून आखले गेले. १९२० च्या दशकात कामगारांसाठी २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतलं. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचा न सुटणारा प्रश्न तिथूनच सुरू झाला. शहराच्या पहिल्या विकास आराखड्यासोबत १९६४ मध्ये एफएसआय आला. पुढच्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. ते शहर उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झालं आणि नवी मुंबई आकाराला येऊ लागली. मूळ शहरावरचा भार वाटून घ्यावा हा तिचा हेतू होता. मात्र सरकारी कचेऱ्या आणि बड्या कंपन्या अपेक्षेइतक्या तिकडे गेल्या नाहीत आणि दरम्यान नरिमन पॉइंटला भराव घालून मनोरे उभे राहिले.

निर्णायक वळण १९९१ च्या नियमावलीने आणलं. बेटावरच्या शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा मूळ एफएसआय ठरला, आणि त्याच वेळी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आले. रस्त्यासाठी किंवा मैदानासाठी जागा सोडली तर रोख भरपाईऐवजी दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क मिळू लागला. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने, म्हणजे झोपुने, हेच सूत्र पुढे नेलं: झोपडीवासीयांना फुकट घर द्या, बदल्यात वाढीव बांधकाम करून विका. चाळींच्या पुनर्विकासासाठी, गिरण्यांच्या जागांसाठी आणि सार्वजनिक वाहनतळांसाठीही याच धर्तीच्या तरतुदी होत गेल्या. सरकारच्या तिजोरीतून पैसा न काढता सार्वजनिक काम करून घेण्याचं चलन म्हणून एफएसआय वापरला जाऊ लागला. आजचा वाद समजून घ्यायचा तर हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण ज्या आकड्यावर पालिकेचं उत्पन्न आणि पुनर्वसनाचा खर्च अवलंबून आहे तो केवळ नगररचनेच्या निकषावर ठरत नाही.

पहिली भूमिका : बांधू द्या

जागतिक बँकेत दीर्घकाळ काम केलेले नगररचनाकार अलँ बर्तो यांनी ही बाजू सर्वांत सविस्तर मांडली आहे. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड ग्लेझर यांनीही २०११ च्या 'ट्रायम्फ ऑफ द सिटी' या पुस्तकात मुंबईच्या बंधनांवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं. जगातली बहुतेक मोठी शहरं आपल्या गाभ्यात भरपूर बांधकाम होऊ देतात. न्यूयॉर्कच्या व्यापारी भागांत हा गुणांक १५ पर्यंत जातो. मुंबई मात्र जमीन कमी आणि मागणी अफाट असताना १.३३ वर अडून बसली. मग माणसागणिक बांधलेली जागा इतकी कमी झाली की गरीब झोपडीत गेले, मध्यमवर्गीय विरार-बदलापूरला गेले, आणि शहर पसरत गेल्याने प्रवास लांबला. उंची रोखल्याने लोक यायचे थांबत नाहीत, ते अधिक दाटीवाटीने राहतात.

या युक्तिवादात मोठं तथ्य आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई महापालिकेच्या हद्दीत १ कोटी २४ लाख लोक होते, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे २८ हजार, आणि त्यांपैकी जवळजवळ ४२ टक्के झोपडपट्टीत. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी मनोऱ्यात ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. सामाईक नळ आणि सामाईक संडासाच्या ओळीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला ही वाढ काय वाटते, हे घनतेवर बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. कुटुंबं तीच राहून माणशी जागा तिप्पट करायची तर बांधकाम वाढणारच.

दुसरी भूमिका : गर्दी मोजा

या भूमिकेचे प्रमुख प्रवक्ते शिरीष पटेल होते. मुंबईचा पहिला, केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल आखणारे हे स्थापत्य अभियंते. अल्पा शेठ आणि नेहा पांचाल यांच्यासह त्यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मुंबई आणि मॅनहॅटनच्या वस्त्यांची तुलना केली. त्यांचा मुद्दा एका साध्या हिशेबातून कळतो. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर चार एफएसआय दिला तर चार हजार चौरस मीटर बांधकाम होईल. माणशी ३० चौरस मीटर जागा वापरणारे लोक तिथे आले तर रहिवासी १३३ असतील. माणशी १० चौरस मीटरवर भागवणारे आले तर ४००. एफएसआय दोन्हीकडे सारखाच, पण बाहेरच्या पदपथावर, शाळेत, दवाखान्यात आणि लोकलच्या डब्यात तिप्पट माणसं. म्हणून मॅनहॅटनचा आकडा उचलून मुंबईत लावता येत नाही. तिथे माणशी घर मोठं आहे आणि एकूण जमिनीतला रस्त्यांचा वाटाही मोठा आहे. इमारतीच्या पोटातली गर्दी आणि रस्त्यावरची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे मोजल्या पाहिजेत, हे पटेल यांचं प्रतिपादन या वादातली सर्वांत मोलाची भर आहे असं मला वाटतं.

याची किंमत कशी मोजावी लागते हे गिरणगावात दिसलं. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समितीने तिचा एकसंध आराखडा सुचवला. १९९१ च्या नियमानुसार साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांना, तिसरा सार्वजनिक घरांना आणि उरलेला मालकांना जायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा संपूर्ण जमिनीऐवजी फक्त रिकाम्या जमिनीवर मोजायचा ठरला. उच्च न्यायालयाने याविरुद्ध दिलेला निकाल २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. परळ-प्रभादेवीत कचेऱ्यांचे मनोरे एकेका गिरणीच्या आवारात स्वतंत्रपणे उभे राहिले. त्या कचेऱ्यांत येणारी हजारो माणसं मात्र गिरण्यांच्या काळातल्याच स्थानकांवर उतरत राहिली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर, पाऊस पडत असताना चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण मृत्युमुखी पडले. भूखंडाच्या आतलं बांधकाम नियमानुसार झालं होतं. पूल कुणाच्याच भूखंडात येत नव्हता.

इमारतींमधल्या अंतराचीही हीच कथा. प्रकल्पग्रस्तांसाठी गोवंडी-मानखुर्दला बांधलेल्या वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये समोर आला. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये दोन इमारतींत अवघं तीनेक मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, वारा नाही. तिथे क्षयाचं प्रमाण जवळच्याच, तुलनेने मोकळ्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा खूप जास्त आढळलं. ज्या रोगभयातून १८९८ मध्ये ट्रस्ट जन्मला, तीच स्थिती शंभरेक वर्षांनी नियमांत सवलत देऊन पक्क्या सिमेंटात बांधली गेली, ही अतिशय दुखरी गोष्ट आहे.

तिसरी भूमिका : हवामान आणि ऊर्जा

पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी यांनी १९८९ मध्ये जगातल्या शहरांची तुलना करून दाखवलं की जितकं शहर दाट तितका माणशी पेट्रोलचा खप कमी. तेव्हापासून दाट शहर म्हणजे हरित शहर हे समीकरण रूढ झालं आणि स्थानकांभोवती जास्त बांधकाम करण्याच्या धोरणाचा तोच आधार आहे. पण मुंबई ही पायरी आधीच ओलांडून पुढे गेलेली आहे. करोनापूर्वी इथली लोकल रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहत होती, शिवाय बस आणि पायी चालणारे होतेच. अमेरिकी उपनगराला दाट करून जे साधतं ते इथे आधीच साधलेलं आहे. पुनर्विकासात त्याउलट घडण्याचा धोका असतो. मोटार नसलेल्या चाळीच्या जागी पाच-सहा मजली पोडियम पार्किंगचा मनोरा येतो, आणि जिथे दुकानं, ओटे आणि वर्दळ होती तिथे रस्त्याला भिंत आणि गेट लागतं. स्थानक पाच मिनिटांवर असलं तरी नवे रहिवासी मोटारीने जाऊ लागतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिप स्टेडमन यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात वीस किंवा अधिक मजल्यांच्या कार्यालयीन इमारतींचा दर चौरस मीटर वीजवापर सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतींच्या सुमारे अडीच पट आढळला. हवामान आणि वापर वेगळे असल्याने तो आकडा मुंबईच्या घरांना जसाच्या तसा लागू नाही. तरीही लिफ्ट, पाण्याचे पंप, काचेच्या भिंती आणि त्यांमागचं वातानुकूलन यांचा हिशेब आपल्याकडे मांडला जायला हवा, एवढं त्यातून निश्चित होतं.

याच अंगाने एक चौथी बाजूही मांडली जाते. घनतेला उंची लागतेच असं नाही, असं म्हणणाऱ्यांची. कोरियांनी १९८० च्या दशकात सीबीडी बेलापूरला आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज आणि बाळकृष्ण दोशींची इंदूरमधली अरण्य वसाहत ही त्यांची नेहमीची उदाहरणं. बुटकी, सामाईक चौकाभोवतीची घरं, कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे वाढवता येणारी. तिथे जिना चढून गच्चीवर जाता येतं, दाराशी धंदा करता येतो आणि लिफ्टच्या देखभालीचं मासिक ओझं नसतं. धारावीच्या कुंभारवाड्यासारख्या ठिकाणी, जिथे घर आणि भट्टी एकच आहे, हा मुद्दा सगळ्यात जास्त लागू पडतो. मर्यादा अशी की बेटावरच्या जमिनीच्या भावात नव्याने अशी वसाहत बांधणं जवळजवळ अशक्य आहे. असलेल्या जुन्या वस्त्या जपण्यापुरती ही भूमिका मला भक्कम वाटते.

पुरावा काय सांगतो

या भूमिका दिसतात तितक्या परस्परविरोधी नाहीत. सर्वांत बोलका पुरावा जनगणनेत आहे. बेटावरच्या शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे ३२.८५ लाख होती आणि २०११ मध्ये ३०.८५ लाख. या तीस वर्षांत तिथे बांधकाम प्रचंड वाढलं. म्हणजे वाढीव एफएसआयने गर्दी वाढतेच असं नाही, हे बर्तोंच्या बाजूचं. पण त्याने सामान्यांसाठी घरं वाढली असंही नाही, हे टीकाकारांच्या बाजूचं. वाढलेली जागा कचेऱ्यांनी आणि माणशी अधिक जागा घेणाऱ्यांनी व्यापली, आणि काही जागा कुणीच व्यापली नाही. २०११ मध्ये मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. नुसता एफएसआय वाढवून किंवा गोठवून परवडणारी घरं मिळत नाहीत, इतकं तरी तीन दशकांच्या अनुभवातून सिद्ध झालं आहे. १९९५ मध्ये ४० लाख झोपडीवासीयांना घरं देण्याचं आश्वासन होतं आणि त्याच्या जवळपासही पोहोचता आलेलं नाही, कारण झोपुची इमारत जिथे विक्रीचा भाव चढा तिथेच उभी राहते.

दुसरीकडे मोकळ्या जागांचा हिशेब तसाच आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा एक-सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १० ते १२ चौरस मीटरची अपेक्षा आहे. २०१५ च्या प्रारूप आराखड्यात काही स्थानकांभोवती ८ पर्यंत एफएसआय सुचवला होता. तो आराखडा चुकांमुळे मागे घ्यावा लागला, पण वाढीव एफएसआयबरोबर रस्ते आणि मैदानांची जमीन कुठून येणार, या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं आणि २०१८ च्या नियमावलीतही पुरेसं नाही. या नियमावलीने अनुज्ञेय एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी जोडला, हे योग्य दिशेचं पाऊल. पण तो प्रत्येक भूखंडापुरता तपासला जातो. एकाच रस्त्यावर वीस इमारती एकापाठोपाठ पुनर्विकासाला गेल्या तर त्या रस्त्यावर एकूण किती माणसं आणि मोटारी येतील, याची बेरीज त्या तपासणीत होत नाही.

म्हणून मला वाटतं की परवानगीचं एकक भूखंडाऐवजी रस्ता किंवा मोहल्ला असावं. घनता भरपूर ठेवा, पण तिच्या प्रमाणात सार्वजनिक जमिनीचा वाटा वाढवा. यावर पहिला आक्षेप असा की बांधून काढलेल्या शहरात जमीन देणार कोण. त्याचं उत्तर १९१५ च्या कायद्यातच आहे. गुजरातने नगररचना योजना पुढे चालू ठेवल्या, आणि अहमदाबादच्या वाढत्या कडांवर जमीनमालकांनी तुकडे एकत्र करून रस्ते आणि सुविधांसाठी मोठा वाटा सोडला. महाराष्ट्रात हा मार्ग बराच काळ अडगळीत पडला आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडकोने तो पुन्हा हाती घेतला. जुन्या वस्तीत हे अवघड आहे, तरी समूह पुनर्विकासातून शक्यता दिसते. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास इमारती एकत्र घेतल्यामुळे रस्ते रुंद करता येत आहेत. एकेकटी इमारत पाडून ते कधीच झालं नसतं. दुसरा आक्षेप गंभीर आहे: मोहल्ल्याचा आराखडा होईपर्यंत मोडकळीस आलेल्या इमारतीतल्या माणसांनी थांबायचं का. त्याच भेंडीबाजारात ऑगस्ट २०१७ मध्ये हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं दगावली. धोकादायक इमारतींना थांबवून चालणार नाही हे उघड आहे. त्यांच्यासाठी तातडीची दुरुस्ती आणि संक्रमण शिबिरं आराखड्याच्या आधी हवीत, आणि तिथे सरकारने स्वतःचा पैसा घालायला हवा. तिसरा आक्षेप असा की असा आराखडा म्हणजे आणखी परवानग्या आणि आणखी दिरंगाई. हा धोका मी मान्य करतो. तरीही आज प्रत्येक सोसायटी स्वतंत्रपणे बिल्डर शोधते, स्वतंत्रपणे कॉर्पस निधी आणि वाढीव फुटांची घासाघीस करते आणि वर्षानुवर्षं अडकते, ती दिरंगाईही याच हिशेबात धरली पाहिजे.

काय अनुत्तरित आहे

पहिली अडचण आकड्यांची. २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे हा सगळा वाद अजून २०११ च्या संख्येवर चालला आहे, आणि या मधल्या काळात उपनगरांचा चेहरा पालटला. नव्या जनगणनेत प्रभागवार माणसं, घरं आणि रिकामी घरं आली की दोन्ही बाजूंना आपले बरेच दावे तपासून पाहावे लागतील. मेट्रोमुळेही चित्र बदलत आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्या स्थानकांभोवती जमिनीचे भाव वाढले तर जुने भाडेकरू आणि छोटे दुकानदार तिथे टिकतील का, हे पाहण्याची यंत्रणा आपल्याकडे नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र आज बांधल्या जाणाऱ्या मनोऱ्यांच्याच पुढच्या आयुष्याचा आहे. चार मजली चाळ पाडून चाळीस मजले उभे राहतात ते विक्रीसाठी जास्तीचे मजले मिळतात म्हणून. त्या विक्रीतून मूळ रहिवाशांचं घर फुकट होतं. तीस-चाळीस वर्षांनी हेच चाळीस मजले जुने होतील, लिफ्ट आणि जलवाहिन्या बदलाव्या लागतील, आणि पुनर्वसनाच्या इमारतींतल्या कुटुंबांना तो खर्च पेलण्याजोगा नसेल. तेव्हा विकायला जास्तीचा मजला उरलेला नसेल, आणि आपली पुनर्विकासाची सगळी गणितं तर तो असेल हे धरूनच मांडलेली आहेत.